वाचकांचे प्रश्न : डेव्हिड व्हिलाचे दोन पाय

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात स्पेनचा निवृत्त आघाडीपटू डेव्हिड व्हिला याचा उल्लेख आला होता. लहानपणी पाय मोडल्यामुळे तो दोन्ही पायांनी खेळायला शिकला, एवढे एकच वाक्य मी त्याच्याविषयी लिहिले होते. त्या वाक्यावर बीड, नांदेड, लातूर, जालना आणि परभणी जिल्ह्यांतून पत्रे आली. फुटबॉलवर मराठवाड्यातून एवढी पत्रे एका वेळी येण्याचा प्रसंग विरळाच, त्यामुळे या अंकाचे संपूर्ण सदर मी व्हिलासाठी राखून ठेवले आहे. स्पॅनिश उच्चाराप्रमाणे त्याचे नाव ‘दाविद विया’ असे होते. परंतु आपल्याकडील वृत्तपत्रांनी आणि समालोचकांनी ‘व्हिला’ हेच रूप रूढ केलेले असल्याने मीही तेच वापरतो.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा असून तालुक्याच्या शाळेत फुटबॉल खेळतो. दिवाळीच्या सुट्टीत बैलगाडीवरून पडून त्याचा उजवा पाय मोडला. प्लॅस्टर निघाले आहे, पण तो अजून दबकत चालतो. तुमच्या सदरातील ते वाक्य त्याने कापून वहीत चिकटवले आहे. त्या खेळाडूची हकीकत खरी आहे का, आणि खरी असल्यास सविस्तर सांगाल का? गावात सगळे म्हणतात की आता पायाचा खेळ विसरा. (अंबाजोगाई तालुक्यातील एक माता)

उत्तर : ताई, हकीकत खरी आहे, परंतु माझे वाक्य अपुरे होते आणि त्याबद्दल मला खंत वाटते. पाय मोडला म्हणून कोणी दोन्ही पायांनी खेळू लागत नाही; पाय मोडल्यावर बहुतेक मुले खेळ सोडून देतात. व्हिलाच्या बाबतीत मधल्या काळात जे घडले, ते मी गाळले होते.

डेव्हिड व्हिला याचा जन्म ३ डिसेंबर १९८१ रोजी उत्तर स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात, लांग्रेओ या नगराच्या हद्दीतील तुइया नावाच्या लहान गावात झाला. नालोन नदीचे हे खोरे कोळशाच्या खाणींचे. डोंगर हिरवेगार, पाऊस भरपूर आणि जमिनीखाली कोळसा, असा तो मुलूख आहे. आपल्या कोरडवाहू काळ्या रानाशी त्याचे काहीही साम्य नाही. साम्य आहे ते माणसांच्या कष्टांत. व्हिलाचे वडील खाणीत काम करीत. दिवसभर उसाच्या फडात राबून आलेल्या माणसाला कोयता खाली ठेवल्यावर हात उचलवत नाही, हे बीड जिल्ह्यातील घरांना वेगळे सांगायला नको. खाणीतून वर आलेल्या माणसाचीही तीच गत असते.

व्हिला चार वर्षांचा असताना त्याच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. शरीरातील सर्वांत लांब आणि मजबूत हाड ते. पाय पूर्ववत होईल की नाही, अशी शंका घेण्याइतकी ती दुखापत गंभीर होती. उजवा पाय प्लॅस्टरमध्ये जखडलेला असताना वडील त्याच्यासमोर चेंडू घेऊन बसत आणि तो त्याच्या डाव्या पायाकडे टाकीत. मुलगा डाव्या पायाने तो परत मारी. वडील पुन्हा टाकीत. ही क्रिया किती वेळा झाली असेल याचा हिशेब कोणाजवळ नाही, पण ती रोज होत असे आणि पाय बरा झाल्यावरही थांबली नाही. पुढे मुलाच्या सरावाला वडील नेमाने मैदानाच्या कडेला उभे असत, हेही व्हिलाने अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे. मूळचा उजव्या पायाचा हा मुलगा मोठा झाला तेव्हा त्याचा डावा पाय उजव्याच्या बरोबरीने चालत होता, आणि समोरच्या बचावपटूला हा आता कोणत्या पायाने मारणार, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. त्याला हा दुसरा पाय दिला तो त्याच्या वडिलांनी.

त्याचे टोपणनाव ‘एल ग्वाखे’. अस्तुरियासच्या बोलीत या शब्दाचा अर्थ ‘पोरगं’ असा होतो आणि खाणीत अनुभवी कामगाराच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरालाही हाच शब्द लावीत. थोराड मुलांच्या संघात आपण एखाद्या लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून घेतो, तसा व्हिला आपल्यापेक्षा मोठ्या मुलांत खेळे आणि त्यातून हे नाव पडले. फरक इतकाच की या लिंबूटिंबूचा गोल धरला जात असे.

यापुढचा भाग तुमच्या मुलाने विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी माझी इच्छा आहे. सतराव्या वर्षापर्यंत व्हिला लांग्रेओच्या स्थानिक क्लबमध्येच होता. ज्या वयात राऊल हा रेआल माद्रिदकडून आणि फर्नांडो टोरेस हा अॅटलेटिको माद्रिदकडून मुख्य संघात उतरला, त्या वयात व्हिला स्पोर्टिंग गिहोन या क्लबच्या मारेओ येथील प्रशिक्षण केंद्रात दाखल होत होता. तो उंचपुरा नव्हता. पावणेसहा फुटांच्या आत-बाहेर उंची आणि सडपातळ बांधा. स्पोर्टिंग तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत असे. तिथे २००१-०२ च्या हंगामात त्याने १८ आणि त्यापुढील हंगामात २० गोल केले. क्लब कर्जात बुडालेला असल्याने २००३ मध्ये त्याला विकण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि सुमारे ३० लाख युरोंना तो सारागोसा या नुकत्याच पहिल्या श्रेणीत परतलेल्या क्लबकडे गेला. म्हणजे पहिल्या श्रेणीचे मैदान त्याने पाहिले ते एकविसाव्या वर्षी. स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा सदरा अंगावर आला तो तेविसाव्या वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये सान मारिनोविरुद्ध. बार्सिलोनासारख्या क्लबने त्याला बोलावले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तेराव्या वर्षी मोडलेल्या पायाने खेळाडूचे भवितव्य संपते असे मानणाऱ्यांनी ही वये वाचावीत.

सारागोसातील पहिल्याच हंगामात, १७ मार्च २००४ रोजी, ‘राजाचा चषक’ या स्पेनमधील क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या लहान क्लबची गाठ बेकहॅम, झिदान आणि राऊल यांच्या रेआल माद्रिदशी पडली. बेकहॅमने फ्री किकवर पहिला गोल केला. सारागोसाने बरोबरी साधल्यावर पेनल्टीवर व्हिलाने संघाला पुढे नेले. माद्रिदने पुन्हा बरोबरी साधली आणि जादा वेळेत सारागोसाने सामना ३-२ असा जिंकला. त्यानंतर २००५ मध्ये तो वॅलेन्सियाकडे गेला आणि तेथील पाच हंगाम हा माझ्या मते त्याच्या क्लब-कारकिर्दीचा गाभा आहे. पहिल्याच वर्षी त्याने लीगमध्ये २५ गोल केले. बार्सिलोनाच्या सॅम्युएल इटोचे २६ होते, म्हणून सर्वाधिक गोलांचा मान एका गोलाने हुकला. त्याच हंगामात देपोर्तिवोविरुद्ध त्याने जवळपास मैदानाच्या मध्यावरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात टाकला आणि अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध पाच-सहा मिनिटांच्या आत तीन गोल केले. पाच हंगामांत वॅलेन्सियासाठी त्याचे सर्व स्पर्धांतील गोल १२९ झाले. क्लबची आर्थिक स्थिती याच काळात इतकी खालावली की नव्या स्टेडियमचे बांधकाम २००९ मध्ये अर्धवट थांबले, आणि पुढच्या वर्षी व्हिलाला सोडणे क्लबला भाग पडले. त्याने क्लब बदलले ते चंचलपणामुळे, असे काही जण लिहितात; स्पोर्टिंग आणि वॅलेन्सिया या दोन्ही वेळा क्लबची तिजोरी रिकामी होती, हे ते विसरतात.

राहिला तुमच्या मुलाच्या पायाचा प्रश्न. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे, वैद्य नाही. दबकत चालण्याची कारणे दोन असू शकतात. प्लॅस्टरमध्ये पाय आखडून राहिल्याने स्नायू बारीक होतात आणि मन घाबरलेले असते. हे व्यायामाने सुधारते. दुसरे कारण हाडाच्या जुळणीत काही उणे राहिले असण्याचे, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा, नवा एक्स-रे काढून घ्या आणि मांडी, गुडघा व घोटा यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या. वाढत्या वयातील हाड मोठ्या माणसाच्या हाडापेक्षा लवकर जुळते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. गावकऱ्यांचे म्हणणे मनावर घेऊ नका. ते काळजीने बोलत असतील, पण एक्स-रे त्यांनी पाहिलेला नाही. मुलाने पत्राखाली पेन्सिलीने स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन ओळींचे उत्तर मी सर्वांत शेवटी देत आहे.

प्रश्न : २०१० च्या विश्वचषकात व्हिला आणि जर्मनीचा थॉमस म्युलर या दोघांचेही पाच-पाच गोल होते, तरी गोल्डन बूट म्युलरला मिळाला. शिवाय स्पेनच्या विश्वविजयाचे श्रेय सगळे त्याचा सहकारी इनिएस्ता याला देतात. हा व्हिलावर अन्याय नाही का? (नांदेड येथील महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : पहिल्या भागात अन्याय नाही, नियम आधीपासून ठरलेला होता. पाच गोल करणारे चौघे होते : म्युलर, व्हिला, हॉलंडचा स्नायडर आणि उरुग्वेचा फोर्लान. गोल सारखे असल्यास सहकाऱ्यांना गोलसाठी दिलेले पास मोजतात. म्युलरचे तीन होते, इतर तिघांचा प्रत्येकी एक. तिथेही बरोबरी असल्यास कमी मिनिटे खेळणारा वर येतो आणि त्या निकषावर रौप्य बूट व्हिलाला व कांस्य स्नायडरला मिळाला.

दुसऱ्या भागात मात्र तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. ११ जुलै २०१० च्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताने केलेला गोल कोणी विसरणार नाही आणि विसरूही नये. परंतु स्पेनने त्या संपूर्ण स्पर्धेत सात सामने मिळून केवळ आठ गोल केले. इतक्या कमी गोलांवर तोपर्यंत कोणीही विश्वचषक जिंकलेला नव्हता. त्या आठांपैकी पाच एकट्या व्हिलाचे, दोन इनिएस्ताचे आणि एक बचावपटू पुयोलचा. पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडकडून ०-१ असा पराभव झाल्यावर पुढचा प्रत्येक सामना निसरड्या बांधावरून चालावे तसा होता, आणि त्या बांधावर पुढचे चार सामने पहिला गोल दर वेळी व्हिलाचाच होता.

ते पाच गोल एकेक करून पाहण्यासारखे आहेत. होंडुरासविरुद्ध डावीकडून आत येताना तो दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून निसटला, तिसऱ्याला चकवले आणि तोल जात असतानाच उजव्या पायाने चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. त्याच सामन्यात त्याने दुसरा गोल केला आणि पेनल्टी मात्र बाहेर मारली. चिलीविरुद्ध गोलरक्षक चेंडू अडवण्यासाठी गोल सोडून लांब धावत आला. चेंडू व्हिलाकडे आला आणि त्याने तो न थांबवता दुरूनच डाव्या पायाने मोकळ्या गोलात पाठवला. पोर्तुगालविरुद्धचा गोल मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असे. त्यात त्याने डाव्या पायाने मारलेला फटका गोलरक्षकाने अडवला, चेंडू उसळून परत आला आणि त्याच क्षणी त्याने उजव्या पायाने तो जाळ्याच्या छतात उचलला. ज्याचा एकच पाय चालतो तो अशा वेळी शरीर वळवण्यात अर्धा क्षण घालवतो आणि त्या अर्ध्या क्षणात बचावपटू पोहोचतो. तुइयाच्या घरात प्लॅस्टरमधील मुलासमोर टाकलेला चेंडू केपटाउनच्या मैदानात कसा उपयोगी पडला, हे समजून घ्यायचे असेल तर हा एक गोल पुरेसा आहे.

पॅराग्वेविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आपल्या वेळेनुसार मध्यरात्री बारा वाजता सुरू झाला होता. परभणीत माझ्या घरी शाळेच्या संघातील सात-आठ मुले सतरंजीवर बसून तो पाहत होती. दोन्ही संघांनी पेनल्टी वाया घालवल्या होत्या आणि अर्धी मुले भिंतीला टेकून पेंगत होती. ८३ व्या मिनिटाला स्पेनच्याच पेद्रोचा फटका खांबावर आदळून व्हिलाच्या पायापाशी आला. त्याने मारलेला चेंडू एका खांबाला लागला, गोलरेषेसमोरून आडवा जाऊन दुसऱ्या खांबाला लागला आणि मग आत गेला. आमच्या संघातला सर्वांत धाकटा मुलगा दचकून जागा झाला आणि त्याने विचारले, “सर, दोन्ही पोस्टला लागून गेला तरी गोल धरतात का?” धरतात. त्या गोलावर स्पेन उपांत्य फेरीत गेला.

२००८ च्या युरो स्पर्धेविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगावेसे वाटते. तिथे रशियाविरुद्ध हॅट्ट्रिक आणि स्वीडनविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी विजयी गोल, असे चार गोल करून व्हिलाच स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. पण उपांत्य सामन्यात फ्री किक मारताना मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे त्याला अंतिम सामना बाहेर बसून पाहावा लागला. जर्मनीविरुद्धचा विजयी गोल टोरेसच्या नावावर आहे. स्पेनच्या सुवर्णकाळातील दोन मोठ्या विजयांची छायाचित्रे इतरांची आहेत आणि त्या छायाचित्रांपर्यंत संघाला नेणारे गोल मोठ्या प्रमाणात व्हिलाचे आहेत.

प्रश्न : बार्सिलोनात मेस्सीसाठी व्हिलाला डाव्या कडेला ढकलण्यात आले आणि त्याची कारकीर्द तिथेच उतरणीला लागली, असे माझे मत आहे. आपले काय म्हणणे आहे? (लातूर येथील प्राध्यापक)

उत्तर : सर, आपल्या मताचा पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध मला मान्य नाही. २०१० मध्ये बार्सिलोनाने ४ कोटी युरो मोजून त्याला आणले आणि प्रशिक्षक ग्वार्दिओला यांनी मेस्सीला मधोमध, पण मागे सरकणाऱ्या भूमिकेत ठेवले. मेस्सी मागे आला की बचावपटू त्याच्या मागे ओढले जात आणि त्यांनी मोकळी केलेली जागा डावीकडून व्हिलाने आणि उजवीकडून पेद्रोने धावत भरायची, अशी ती आखणी होती. आयुष्यभर गोलसमोर मधोमध खेळलेल्या माणसाला हे सोपे नव्हते. त्याला चेंडूवाचून धावावे लागे, आणि अशा धावण्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

तरीही त्या पहिल्या हंगामात त्याने सर्व स्पर्धांत मिळून २३ गोल केले. नोव्हेंबर २०१० मध्ये रेआल माद्रिदला ५-० असे हरवले तेव्हा त्यातील दोन त्याचे होते. २८ मे २०११ रोजी लंडनमधील वेम्बली येथे चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-१ अशी आघाडी असताना पेनल्टी क्षेत्राच्या कडेला चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने उजव्या पायाने वळण देऊन तो वरच्या कोपऱ्यात ठेवला. ‘मारला’ असे लिहिणार होतो, पण तो फटका पाहिलेल्या कोणालाही ‘ठेवला’ हाच शब्द सुचेल. सामना ३-१ असा संपला. याला उतरण म्हणणे मला अवघड जाते.

उतरण लावली ती १५ डिसेंबर २०११ च्या दिवसाने. जपानमधील योकोहामा येथे क्लब विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, कतारच्या अल साद संघाविरुद्ध, चेंडूमागे धावताना पाऊल चुकीचे पडले आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. या वेळी मोडला तो डावा पाय, वडिलांनी घडवलेला. वय तिशीचे, आणि चार वर्षांच्या मुलाचे हाड जसे जुळते तसे तिशीत जुळत नाही. आठ महिने गेले, २०१२ ची युरो स्पर्धा गेली आणि स्पेनने ती त्याच्याविना जिंकली. ऑगस्ट २०१२ मध्ये लीगच्या पहिल्याच सामन्यात रेआल सोसिएदादविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. चॅम्पियन्स लीगमध्ये मिलानकडून पहिला सामना ०-२ असा गमावल्यावर मार्च २०१३ मधील परतीच्या सामन्यात बार्सिलोनाने ४-० असा विजय मिळवला. त्यातील तिसरा, म्हणजे एकूण गोलसंख्येत संघाला पुढे नेणारा गोल व्हिलाचा होता. मात्र पूर्वीची ती पहिल्या दोन पावलांतील झेप परत आली नाही. ही माझी स्वतःची नजर आहे; आपण दोन्ही काळांतील सामने शेजारी शेजारी लावून पाहावेत.

२०१३ मध्ये अवघ्या ५० लाख युरोंच्या आसपास किमतीत बार्सिलोनाने त्याला अॅटलेटिको माद्रिदला देऊन टाकले. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १३ गोल केले आणि अॅटलेटिकोने अठरा वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळवले. तेही शेवटच्या दिवशी, बार्सिलोनाच्याच मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू पैशासाठी अमेरिकेला गेला, हे शोभले का? (जालना येथील व्यापारी)

उत्तर : बत्तिसाव्या वर्षी, दोन मोठी हाडे मोडून झाल्यावर, योग्य मोबदला घेऊन दुसऱ्या देशात काम करण्यात अशोभनीय काही आहे, असे मला वाटत नाही. तो मिरवायला गेला नव्हता, याचा पुरावा मैदानावर आहे. न्यूयॉर्क सिटी या नव्याने उभ्या राहत असलेल्या क्लबने करारबद्ध केलेला तो पहिला खेळाडू आणि पुढे कर्णधार. बेसबॉलच्या मैदानावर आखलेल्या आखूड फुटबॉल मैदानात त्याने चार हंगामांत १२४ सामन्यांत ८० गोल केले आणि २०१६ मध्ये तो अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर २०१९ मध्ये तो जपानच्या विसेल कोबे क्लबकडे गेला, जिथे इनिएस्ता आधीपासून होता. १ जानेवारी २०२० रोजी टोकियोच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये कोबेने सम्राट चषक जिंकला आणि तिथे व्हिलाने बूट उतरवले.

प्रश्न : स्पेनसाठी सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूला निरोप कसा मिळाला? मी स्वतः आघाडीला खेळते. (परभणी येथील शाळकरी मुलगी)

उत्तर : बाळ, स्पेनच्या पुरुष संघासाठी ९८ सामन्यांत ५९ गोल, हा विक्रम त्याच्या नावावर आहे. राऊलचा ४४ गोलांचा विक्रम त्याने मार्च २०११ मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध मोडला. विश्वचषकातही स्पेनचे सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल त्याचेच आहेत : २००६ मध्ये तीन, २०१० मध्ये पाच आणि २०१४ मध्ये एक.

तो शेवटचा एक गोल तू आवर्जून पाहा. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये स्पेन हॉलंडकडून १-५ आणि चिलीकडून ०-२ असा हरून स्पर्धेबाहेर गेला होता. त्या दोन्ही सामन्यांत व्हिला मैदानात उतरला नव्हता. उरलेला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना निव्वळ औपचारिक होता आणि त्यात त्याला पहिल्यापासून खेळवले. उजवीकडून आलेला चेंडू त्याने टाचेने मागच्या मागे जाळ्यात ढकलला. गोलकडे त्याने पाहिलेही नाही. दुसरे सत्र सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्याला बाहेर बोलावण्यात आले. आपला हा राष्ट्रीय संघासाठीचा शेवटचा सामना, असे तेव्हा तो धरून चालला होता. आणखी काही वेळ खेळायला मिळावे असे त्याला वाटत होते, हे चेहऱ्यावर दिसत होते. बाकावर बसून तो रडला, आणि ते रडणे त्याने लपवले नाही. पुढे तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याला पुन्हा संघात घेतले गेले आणि माद्रिदमध्ये इटलीविरुद्ध शेवटची काही मिनिटे तो मैदानात उतरला तेव्हा सारे स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करीत होते. त्याचा खरा निरोप मी तोच मानतो.

प्रश्न : सर, डाव्या पायाने मारलेला बॉल सरळ जात नाही. मी काय करू? (पहिल्या पत्राखाली पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी)

उत्तर : बाळा, डाव्या पायाने मारलेला चेंडू सरळ न जाण्याचे कारण बहुतेक वेळा उजव्या पायात असते. आपण डावा पाय मागे नेतो तेव्हा सगळा भार उजव्यावर येतो. तो चेंडूपासून फार लांब टेकला किंवा त्याची बोटे भलतीकडे वळलेली असली, की चेंडूही भलतीकडे जातो. आणि तुझा उजवा पाय म्हणजे नुकता जुळलेला पाय. त्यावर पूर्ण भार टाकून फटके मारण्याची परवानगी डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर उभे राहून एकही चेंडू मारायचा नाही. या बाबतीत मला तुझा शब्द हवा आहे.

तोवर बसून कर. अंगणात पाठीचा आधार असलेल्या खुर्चीवर बस, डावा पाय मोकळा सोड आणि आईला तीन पावलांवर समोर बसव. तिने चेंडू हाताने जमिनीलगत, हळू, तुझ्या डाव्या पायाकडे सोडायचा. तू पावलाच्या आतल्या बाजूने, घोटा ताठ ठेवून, तो तिच्या हातात परत द्यायचा. जोर लावायचा नाही. चेंडू पायाला लागेपर्यंत नजर चेंडूवरच ठेवायची, आईकडे पाहायचे नाही. ती हात न हलवता धरू शकेल असे किती चेंडू गेले, तेवढेच मोजायचे आणि त्याच वहीत तारखेसह लिहायचे. उन्हाने जमिनीला भेगा पडल्या असतील तर चेंडू उड्या मारतो. तेवढी जागा आदल्या संध्याकाळी पाणी मारून चोपून घे, किंवा ओसरीवर बस. आई अंगणवाडीतून थकून आली असेल त्या दिवशी दहाच चेंडू टाकायला सांग, पण दहा तरी टाकायला सांग.

डॉक्टरांनी उभे राहून खेळायला परवानगी दिली की वहीतील त्या पानांची नक्कल मला पाठव; उजवा पाय कुठे टेकायचा, ते मी तुला चित्र काढून कळवीन.